पिवळा पट्टा

धाकटीच्या बाबांना गर्व दोनच गोष्टींचा होता, आपल्या कानाचा आणि आपल्या मुलींचा. आरागिरणीत ते मुख्य मिस्त्री होते. जंगलातून आलेला ओंडका गाड्यावर चढवायचा, उभ्या पट्टाकरवतीसमोर सरकवत न्यायचा आणि त्याच्या फळ्या पाडायच्या, हे त्यांचं काम. पातं लाकडात शिरताना जो आवाज येतो त्यावरून आत गाठ आहे, पोकळी आहे की ओल, हे ते डोळे मिटून सांगत. घरी मात्र आईने स्वयंपाकघरातून चार हाका मारल्या तरी त्यांना एक ऐकू जात नसे. "कान गिरणीत टांगून येतात," असं आई म्हणायची.

मुलींचा गर्व वाटावा असं मुलींनी काय केलं होतं ते बाबाच जाणोत. थोरलीने गिरणीतल्याच एका कामगाराशी लग्न करून दोन गल्ल्या सोडून संसार मांडला होता. धाकटी शिकली बेताची, लग्नाला नाही म्हणाली आणि चिनीमातीच्या कारखान्यात भट्टीवर लागली. विजेच्या खांबांवर तारा बांधायला जे पांढरे इन्सुलेटर असतात ते तिथे भाजून निघत. संध्याकाळी ती घरी आली की कोपरापर्यंत पांढरी असायची आणि बाबा लाकडाच्या भुश्याने पिवळे. आई दोघांनाही दारातच झटकून घ्यायची.

धाकटी मनातलं बोलायची ते फक्त थोरलीच्या नवऱ्याशी. दाजी गिरणीच्या वखारीत फळ्या रचायचा. अंगाने आडवा, बोलायला हळू, पण एकदा हसायला लागला की आवरायचा नाही. ट्रकबरोबर ओंडके आणायला जंगलात जावं लागे, तेव्हा बाकीचे लोक सावली बघून पाय पसरत आणि हा मान वर करून फिरत बसे. एका सुट्टीच्या दिवशी त्याने धाकटीला स्कूटरवर बसवून जंगलात नेलं आणि एका अवाढव्य झाडाखाली उभं केलं.

"वर बघा मेहुणीबाई. त्या ढोलीत."

ढोलीच्या तोंडाला माती आणि विष्ठा यांचं लिंपण होतं आणि मध्ये बोटभर रुंदीची उभी फट. फटीतून एका चोचीचं टोक दिसत होतं. तेवढ्यात डोक्यावरून जोरात पंखांचा आवाज आला. मोठा धनेश पक्षी फांदीवर बसला, गळ्यातून एकेक फळ काढून त्या फटीत देऊ लागला.

"बायको आहे आत," दाजी कुजबुजला. "स्वतःला चिणून घेते. अंडी घालते, पिल्लू काढते, पिसंही झडतात तिची. पिल्लू मोठं होईपर्यंत नवरा बाहेरून भरवतो. त्याने यायचं थांबवलं तर खेळ खलास."

"तुम्हाला भरवते का हो ताई अशी?"

"तुझी ताई? चहा मागितला तर पातेलं कुठे आहे ते दाखवते," दाजी म्हणाला आणि इतका हसला की धनेश उडून गेला. मग त्यालाच वाईट वाटलं. पक्षी परत येईपर्यंत तो झाडाला पाठ लावून गप्प बसून राहिला.

जंगलाचा तोच भाग पुढच्या हंगामात गिरणीला तोडायला मिळाला.

ही बातमी ऐकून धाकटी मास्तरांच्या माणसांत गेली. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. सायकल दुरुस्तीच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांची जंगल वाचवणाऱ्यांची मंडळी जमत असे. मूठभर माणसं, भिंतीवर वाघ-माकडांची चित्रं, आणि ट्यूबच्या रबराचा वास. निवेदनं देऊन झाली होती, मोर्चे काढून झाले होते. साहेबांनी पाणी विचारलं होतं, खुर्ची दिली होती आणि झाडं तोडली होती. मग मास्तरांनी खिळे काढले.

पद्धत सोपी होती. झाडात लांब खिळे ठोकायचे. झाडाला त्याचं काही होत नाही, पण असं लाकूड करवतीवर घेतलं तर पातं तुटतं, म्हणून गिरणी त्याला हात लावत नाही. आणि एक नियम मास्तरांनी सगळ्यांकडून शपथेवर घेतला होता: ज्या झाडात खिळा, त्या झाडाला छातीच्या उंचीवर पिवळा पट्टा. "आपल्याला झाड वाचवायचंय, माणूस मारायचा नाही," ते म्हणायचे. पट्टा बघून तोडणारे पुढे जात. सुरुवातीला खरंच जात होते.

मग एका संध्याकाळी बाबांनी जेवताना खिशातून गंजके खिळे काढून ताटाशेजारी ओतले.

"आमच्या मॅनेजरने मशीन आणलंय. ओंडक्यावरून फिरवलं की जिथे लोखंड असेल तिथे ओरडतं. खिळा उपसायचा आणि घ्यायचा चिरायला." ते खुशीत होते. "त्या पट्टेवाल्यांना म्हणावं, आता दुसरा धंदा बघा."

आईने खिळे ताटाजवळून उचलून खिडकीत ठेवले, अन्नाजवळ गंज नको म्हणून.  दुसऱ्या दिवशी भट्टीसमोर उभी असताना धाकटीला ते सुचलं, आणि सुचल्याचा इतका आनंद झाला की ती एकटीच हसली. चिनीमातीला यंत्र ओरडत नाही.

कल्पना तिची, माती तिची, भाजणीही तिची. इन्सुलेटरांच्या रांगांमागे लपवून तिने बोटाएवढ्या पिना भाजून घेतल्या. लोखंडाइतक्याच कडक निघाल्या. मास्तरांनी त्या हातात घेतल्या, दाबून बघितल्या, आणि आयुष्यभर पोरांच्या चुका काढलेला तो माणूस म्हणाला, "शाबास." गिरमिटाने भोकं पाडून, पिना बसवून, वरून साल आणि मेण भरून त्यांनी जंगलाचा तो अख्खा भाग पुरा केला. धनेशाच्या झाडात धाकटीने स्वतः पिना घातल्या, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. मूठभर घातल्या. प्रेम होतं ना. मग पिवळा पट्टाही तिनेच ओढला, अगदी सरळ.

एवढ्या शहाण्या माणसांच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली नाही. यंत्रावर मात करायच्या नादात ते विसरले की त्यांच्या पट्ट्यावर गिरणीचा विश्वास बसत होता तो त्या यंत्रामुळेच. यंत्र ओरडायचं म्हणून पट्टा खरा ठरायचा. आता ते ओरडणार नव्हतं.

"नुसता रंग!" बाबा जेवताना म्हणाले, साधारण महिन्याभराने. "खिळे संपले वाटतं त्यांचे. मॅनेजरने पट्टेवाल्या झाडांवर मशीन फिरवलं, चिडीचूप. सगळी तोडायला काढली. आज पहिला ओंडका आला. काय लाकूड आहे! मिठी मारायला तीन माणसं लागतील. वर ढोली होती, तेवढा पोकळ भाग तिथेच कापून टाकला, पण खालचा सोट बघत राहावा असा. उद्या सकाळी पहिला तोच घेणार."

धाकटीच्या हातातला घास हातातच राहिला. कुठलं झाड ते विचारायची गरज नव्हती. ढोलीत त्या वेळी कोण होतं हेही तिला माहीत होतं. आधी रडू आलं ते त्या मादीसाठी. बाबांचा विचार त्यानंतर आला, आणि हा क्रम तिला पुढे कधी विसरता आला नाही.

ती उठली, डोकं दुखतंय म्हणाली, आणि बाहेर जाऊन गिरणीच्या मॅनेजरला फोन लावला. आवाज बदलून सांगितलं, पट्टेवाल्या ओंडक्यात पिना आहेत, चिरू नका.

"मशीन काय म्हणतं ते मी ऐकतो बाई," मॅनेजर म्हणाला. "तुम्ही काय म्हणता ते नाही." आणि फोन ठेवला.

मग ती मास्तरांकडे गेली. मास्तर पत्रकांना डिंक लावत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. डिंकाची बोटं फडक्याला पुसली.

"एक पातं तुटू दे. एक तुटलं की पट्ट्यावर पुन्हा विश्वास बसेल."

"करवतीसमोर माझे बाबा असतात."

"पात्याला जाळी असते. माणसाला काही होत नाही, झाला तर आवाज होतो. आणि तू घरी सांगितलंस तर काय होईल? घरातून गिरणीत, गिरणीतून चौकीत. आपण सगळे आत, आणि उरलेलं जंगल सपाट. एका झाडासाठी एवढं केलंस, बाकीच्यांवर पाणी सोडणार?" मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "फारच वाटत असेल तर उद्याच्या दिवस वडिलांना घरी ठेव."

ते त्यांनी दार उघडून दिल्यासारखं सांगितलं आणि ती त्या दारातून गेली. खरं सांगितलं असतं तर बाबांनी थोबाड फोडलं असतं, कदाचित पोलिसांतही दिलं असतं. पण ओंडका बाजूला पडला असता. तिने खोटं निवडलं, कारण खोट्यात सगळेच वाचत होते, निदान रात्रभर अंथरुणात पडून हिशोब केला तेव्हा तरी.

सकाळी बाबा चपला घालत असताना तिने पोट धरलं आणि जमिनीवर गडबडा लोळायला सुरुवात केली.

नाटक चांगलं वठलं. ज्या बाबांना घरच्या हाका ऐकू जात नसत, त्यांनी तिला दोन्ही हातांवर उचललं आणि रिक्षात घातलं. सरकारी दवाखान्यात रांग होती. बाबांनी रांगेतल्या प्रत्येकाला हात जोडले, "पोरगी मरतेय हो," असं म्हणत तिला पुढे नेलं. लोकांनी वाट दिली. एक म्हातारी तर आपल्या जागेवरून उठली. हिरव्या पडद्याआड तिला खाटेवर झोपवून डॉक्टरीणबाई आल्या. बाबा पडद्याबाहेर थांबले.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात ठेवला. त्याच वेळी बाहेर बाबांचा आवाज आला. ते फोनवर होते.

"जावईबापू, कुठे आहात? वखारीत? बरं, ऐका. धाकटीला दवाखान्यात आणलंय. नाही, नाही, थोरलीला इतक्यात सांगू नका. तुम्ही तेवढं माझ्या जागी उभे राहा. मॅनेजर माझ्या नावाने बोंबलत असेल. शिकवलंय ना मी तुम्हाला? मग झालं तर. ओंडका गाड्यावर चढवलेलाच आहे, तो पट्टेवाला. काळजी नको, मशीनने तपासलाय."

धाकटीने तोंड उघडलं.

"इथे दुखतंय?" डॉक्टरीणबाईंनी बोटं दाबून विचारलं.

पडदा हातभर अंतरावर होता. बाबांचे पाय त्याच्या खालून दिसत होते, घाईत वेगवेगळ्या जोडांतल्या चपला घातलेले. नुसतं "बाबा" म्हणायचं होतं. पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं, या परक्या बाईसमोर, त्या उठलेल्या म्हातारीसमोर, वेगवेगळ्या चपला घालून आलेल्या बाबांसमोर. दाजी सावकाश काम करतो, असं तिला वाटलं. पात्याला जाळी आहे, असंही वाटलं. माणसाला स्वतःला फसवायचं असलं की कारणं कशी भराभर हजर होतात.

"दुखतंय का इथे?"

"हो," धाकटी म्हणाली.

जाळी नव्हती. ओंडका इतका जाड होता की जाळीखालून जाईना, म्हणून मॅनेजरने ती काढून ठेवायला लावली होती. पहिली फळी बरी निघाली. दुसऱ्या फळीला पात्याला पीन लागली, मग शेजारची, मग तिच्या शेजारची. प्रेमाने मूठभर घातलेल्या त्या. पातं तुटलं आणि त्याचा तुकडा चाबकासारखा सुटून दाजीच्या तोंडावरून गेला. दोन्ही डोळे गेले. जबडा तुटून खाली आला. त्याच दवाखान्यात आणलं त्याला. धाकटीला सलाईन लावून ज्या खाटेवर ठेवलं होतं तिच्यासमोरून त्याचं स्ट्रेचर गेलं, आणि तिने त्याला ओळखलं ते फक्त बुटांवरून.

तो जगला. लोक म्हणाले नशीब.

मास्तरांच्या मंडळींनी पत्रक काढलं, की अशा हिंसक कृत्याचा आम्ही तीव्र निषेध करतो. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. धाकटीला त्यांनी थोडे दिवस येऊ नकोस असा निरोप पाठवला. जाता जाता हेही कळवलं, की नर धनेश बुंध्याच्या जागी येऊन शेजारच्या फांदीवर फळं गळ्यात घेऊन बसलेला असतो, त्याचा फोटो फार चांगला आला आहे. जंगलाचं म्हणाल तर त्याला आता कोणी वाली उरला नाही. कालपर्यंत निवेदनावर सही करणारे लोक पट्टेवाल्यांच्या नावाने थुंकू लागले. गिरणीच्या मालकाने चिनीमातीही दिसेल असं भारी यंत्र मागवलं, बंदोबस्तात तोड सुरू झाली, आणि हंगाम संपायच्या आत तो सगळा भाग मोकळा झाला.

थोरली नवऱ्याला घेऊन माहेरी राहायला आली. घर चालायला हवं म्हणून वखारीत त्याच्या जागी फळ्या रचायला लागली. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "धाकटीच्या पोटात देवच दुखला हो त्या दिवशी. नाहीतर हे गेले असते." थोरलीही म्हणायची. ते तिच्या तोंडून ऐकणं सगळ्यात वाईट होतं. संध्याकाळी खांदे चोळत धाकटीजवळ बसायची आणि म्हणायची, "माझं जे व्हायचं ते झालं. बाबा तरी राहिले तुझ्यामुळे." आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवायची.

बाबा मात्र एकच वाक्य धरून बसले होते. "मी असतो तर ऐकू आलं असतं. पीन लागायच्या आधी पातं कुरकुरतं. मी गाडा मागे ओढला असता." हे खरं की म्हाताऱ्याचा गर्व, कोण सांगणार? करवत ज्या वेगाने फिरते त्या वेगात काय ऐकू येतं आणि काय नाही, हे आता तपासून बघता येणार नव्हतं. धाकटीने मात्र ते खरं मानलं. म्हणजे खोटं बोलून तिने एकालाही वाचवलं नव्हतं. गप्प राहिली असती तर दोघेही धड राहिले असते.

एका दुपारी आई दुकानात गेली होती, थोरली कामावर, दाजी आतल्या खोलीत झोपलेला. बाबा गिरणीतून अवेळी आले. धाकटीसमोर बसले, रुमालाची गाठ सोडली आणि भुश्यातून वेचलेला एक पांढरा तुकडा तिच्यासमोर ठेवला.

"भाजणी चांगली झालीय," ते म्हणाले. "पातं तुटलं, पण हा नुसता दुभंगला."

धाकटीने तुकडा उचलून बघितला आणि परत ठेवला.

"तो ओंडका त्या दिवशी चिरणार, माहीत होतं तुला?"

"हो."

"म्हणून मला दवाखान्यात अडकवलंस."

"हो."

"पडद्याआडून माझा फोन ऐकलास?"

तिला आता रडायचं होतं, पण बाबांच्या चेहऱ्याकडे बघून रडूही फुटेना. "हो," ती म्हणाली.

बाबा बराच वेळ तो तुकडा बोटाने फिरवत राहिले. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. गिरणीत जन्म गेला माझा, पण दांडा कधी ओळखता आला नाही."

"मी चौकीत जाऊन सांगते बाबा. आत्ता जाते."

"बस खाली." त्यांनी आवाज चढवला नाही. "तुरुंगात जाशील, पाच-सात वर्षांनी सुटून येशील, फेडलं म्हणशील. आणि तुझ्या बहिणीने काय करायचं? आज तिला नवरा असून नसल्यासारखा, उद्या बहीणही नाही. ते चालणार नाही. कारखाना सोड. उद्यापासून जावईबापूंचं खाणंपिणं, हगणंमुतणं तू करायचंस. थोरली रोज तुला दुवा देते ना? देऊ दे. मान खाली घालून घेत जा. आणि तोंडातून एक शब्द काढलास, तिला किंवा त्याला, तर मी त्याच करवतीसमोर जाऊन उभा राहीन."

त्यांनी तुकडा उचलून पुन्हा रुमालात बांधला, खिशात ठेवला आणि उरलेल्या पाळीसाठी गिरणीत गेले. त्या दिवसानंतर ते तिच्याशी कधी नीट बोलले नाहीत. गिरणीत नेहमीसारखे जात राहिले, पण कानाबद्दल पुन्हा काही बोलले नाहीत.

धाकटीने कारखाना सोडला. दाजीचा जबडा तारांनी बांधला होता, वरून पट्ट्या, आणि मध्ये ओठांपाशी बोटभर फट. त्या फटीतून चमच्याने पातळ पेज सोडायची, गिळेपर्यंत थांबायचं, मग पुढचा चमचा. दुसऱ्या कोणाच्या हातून तो गडबडायचा, ठसका लागायचा. धाकटीचा हात त्याला ओळखीचा झाला होता. ती जवळ बसली की न बोलताच मान तिच्या बाजूला वळवायचा.

काही आठवड्यांनी त्याला तारांमधून थोडं थोडं बोलता येऊ लागलं. शब्द अर्धेच बाहेर पडायचे, पण धाकटीला कळायचे. एका सकाळी दोन चमच्यांच्या मध्ये त्याच्या छातीतून खुदखुद आवाज आला. आधी तिला वाटलं ठसका लागला. मग कळलं, तो हसत होता.

"मेहुणीबाई," दाजी म्हणाला, "मी आता ती धनेशीण झालो बघा."

धाकटी हसली. हसल्याचा आवाज त्याला ऐकू जावा म्हणून मुद्दाम मोठ्याने हसली.

 मग त्याने अंदाजाने तिचं मनगट शोधलं आणि धरून ठेवलं.

"राहिलं ना गं ते आपलं झाड?"

"हो, दाजी," धाकटी म्हणाली.

त्याने मनगट सोडलं आणि पुढच्या चमच्यासाठी, तारांनी जितकं उघडू दिलं तितकं, तोंड उघडलं.